वास येतोय का

"पहिलं बरं की दुसरं?" तिनं विचारलं आणि खुर्चीतल्या गृहस्थांनी नेहमीसारखा वेळ लावला. चष्म्याच्या दुकानामागची ती अंधारी खोली, समोर भिंतीवर उजळलेली अक्षरं, गृहस्थांच्या नाकावर जड चौकट आणि तिच्या बोटांत भिंगं. एक घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं. दिवसभर हाच उद्योग. माणसं या प्रश्नापाशी हटकून गडबडतात, जणू चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचं दिसत राहील. "दोन्ही सारखंच वाटत असेल तर सारखंच म्हणा," ती समजवायची, "त्यात काही चूक नसते." गृहस्थ म्हणाले, "पुन्हा एकदा पहिलं दाखवा बरं," आणि तेवढ्यात तिच्या खिशात फोन थरथरला. कामाच्या वेळी ती फोन घेत नसे. पण आज सासूबाईंचा डायलिसिस होता, त्यांना ती सकाळी इस्पितळात सोडून आली होती, आणि तिथून कधीही फोन येऊ शकतो या धास्तीनं तिनं तो घेतला. फोन गाडीच्या कंपनीचा होता. एका मुलीचा गोड, घोटून घेतलेला आवाज. "मॅडम, आपल्या गाडीच्या सुरक्षेबद्दल थोडं बोलायचं होतं." पेट्रोलच्या टाकीच्या जोडावर बारीक चीर पडू शकते, असं कंपनीच्या लक्षात आलं होतं. तुमच्या गाडीत पडलीच असेल असं नाही, पण पडली असू शकते. "म्हणजे गाडी चालवू की नको?" तिनं विचारलं. "चालवा ना, मॅडम. फक्त बंद जागेत उभी करू नका, घरापासून जरा लांब ठेवा, टाकी पूर्ण भरू नका. आणि पेट्रोलचा वास आला तर मात्र अजिबात चालवू नका." "टाकी बदलून कधी देणार?" "टाक्या अजून यायच्या आहेत, मॅडम. आल्या की आम्हीच फोन करू." तिला सांगायचं होतं की मला वास येत नाही. पण एका अनोळखी मुलीला हे सांगायचं कसं, आणि सांगितलं तरी ती काय लिहून घेणार? फोन बंद झाला. अंधारात गृहस्थांनी घसा खाकरला. सगळं ऐकून ते अवघडून बसले होते. "दुसरंच बरं होतं बहुतेक," ते म्हणाले.

मागल्या वर्षीच्या तापात तिचं नाक गेलं होतं. ताप गेला, खोकला गेला, नाक काही परत आलं नाही. गेलंय हेही आधी कळलं नव्हतं. एक दिवस ती शेगडीपाशीच उभी होती आणि बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडत आल्या, "अगं, दूध करपलं!" तिनं पाहिलं तर पातेल्याचा तळ काळा झालेला आणि तिला काही म्हणजे काही नाही. मग ती घरभर हिंडून वस्तू नाकाला लावत सुटली. साबण, औषधाची बाटली, नवऱ्याचा कपाटातला सदरा. सगळं काचेपलीकडे. नवरा फोनवर हसून म्हणाला होता, "चला, आता तुला नाकानं कांदे सोलता यायचे नाहीत." तीही हसली होती. डोळे गेले तर माणसं हळहळतात, कान गेला तर मोठ्यानं बोलतात, नाक गेलं तर विनोद करतात. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. हळूहळूला वर्ष झालं. तिला सगळ्यात विचित्र वाटायचं ते हे की वास तिला आठवतही नसत. पावडरचा, पावसात भिजलेल्या लोकरीचा, आईच्या मानेचा. तो वास होता, आपल्याला आवडायचा, हे आठवायचं, वास नाही. एखाद्या माणसाचं नाव लक्षात राहावं आणि चेहरा पुसून जावा, तसं.

संध्याकाळी इस्पितळाच्या दारातून सासूबाईंना धरून तिनं गाडीत बसवलं. डायलिसिस झाला की त्या पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारख्या होत. पट्टा लावून द्यावा लागे, दार ओढून घ्यावं लागे. पहिला चौक ओलांडला तरी तिच्या तोंडून प्रश्न निघेना. मग अगदी सहज विचारल्यासारखं ती म्हणाली, "आई, गाडीत कसला वास येतोय का?" "कसला?" "कसलाही." सासूबाईंनी डोळे न उघडता लांब श्वास घेतला. तो छातीत बराच वेळ ठेवला. "पेट्रोलचा येतोय की." "आजच येतोय?" "येतो अधूनमधून. मला वाटलं, गाडी म्हटल्यावर यायचाच." तिनं चारही काचा खाली केल्या. वाऱ्यानं सासूबाईंच्या विरळ झालेल्या केसांची दैना केली. पुढच्या सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवरच्या माणसानं सिगारेट पेटवली आणि तिला वाटलं, आता. आत्ता. सिग्नल सुटला. काहीच झालं नव्हतं. काहीच झालं नाही म्हणजे काही नव्हतंच असं होतं का, हे तिला घरापर्यंत सोडवता आलं नाही.

पेट्रोलच्या वासाबद्दल सासूबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, एवढं खरं. त्यांची आणि सासऱ्यांची ड्रायक्लीनिंगची लाँड्री होती. जुन्या काळातली. कोट, शाली, रेशमी वस्त्रं पेट्रोलमध्ये धुवायची, सावलीत वाळवायची, मग वाफेच्या इस्त्रीखाली घालायची. लग्नाआधी ती पहिल्यांदा तिथं गेली तेव्हा सासूबाई काउंटरमागे उभ्या राहून एका काळ्या कोटाच्या कॉलरला कापडी चिठ्ठी टाचत होत्या. दातांत टाचणी होती, म्हणून त्यांनी नुसत्या भुवया उंचावून तिला बसायला सांगितलं. दुकानभर तो वास होता. होता, हे तिला आठवत होतं. "ह्यांच्या हाताला जेवतानासुद्धा पेट्रोल," सासूबाई पुढे कधीतरी म्हणाल्या होत्या, "सुरवातीला मळमळायचं मला. मग सवय झाली. मग तर ते दोन दिवस गावाला गेले की घर कसं सपक वाटायचं." सासरे गेले, लाँड्री विकली, तिथं आता कुणीतरी मोबाइल दुरुस्त करतं. आणि आता गाडीच्या पुढच्या सीटवर डोळे मिटून सासूबाईंना येतो तो वास कुठला? टाकीचा की सासऱ्यांचा? शिवाय डायलिसिसच्या सिस्टर मागे म्हणाल्या होत्या की या आजारात तोंडाची चव फिरते, नाकही फिरतं. सासूबाईंना चहाला लोखंडाचा वास यायचा, उशीला मातीचा. मग पेट्रोलचा का येऊ नये? एक नाक मेलेलं आणि एक फिरलेलं, आणि या दोन नाकांच्या भरवशावर गाडी चालवायची की नाही हे ठरवायचं.

नवरा दूर एका पुलाच्या कामावर होता. महिनोन्‌महिने तिकडेच. गाडी त्यानंच पसंत केली होती, आईला चढायला उतरायला सोपी म्हणून, आणि त्यामुळे गाडीला कुणी नाव ठेवलं की त्याला आपल्यालाच ठेवल्यासारखं वाटे. "कंपनीवाले असंच सांगतात गं," तो म्हणाला. मागे यंत्रांची घरघर होती. "उद्या काही झालं तर आम्ही सांगितलं होतं म्हणायला मोकळे. हात झटकायची कामं." "आईंना वास येतोय." "आईला काय, पूर्वी शेजाऱ्यांच्या घरातला गॅससुद्धा यायचा. दोनदा माणूस बोलावलान्‌ तिनं." "मग मी काय करू?" "चालव. काही होत नाही." मग म्हणाला, "नाहीतर नको चालवूस." "अरे, दोन्हींतलं एक सांग!" "मी इथून कसं सांगू? मला काय इथं वास येतोय?" त्याचंही खरं होतं. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. तिनं त्यांना बोलावलं. ते हातातलं वर्तमानपत्र तसंच धरून गाडीभोवती एक प्रदक्षिणा करून आले, मागच्या चाकाशी वाकले, मग सरळ झाले आणि जोरात शिंकले. "म्हटलं तर येतो," ते म्हणाले, "म्हटलं तर नाही. पण बाई, तुम्ही येतो म्हणालात म्हणून येत असेल. न सांगता बोलवायला हवं होतं मला." आणि हे ऐकून तिच्या मनात आणखीच एक किडा वळवळला. सासूबाईंना तरी तिनं न सांगता कुठं विचारलं होतं? कसला वास येतोय का, या प्रश्नातच वास होता.

गाडी तिनं गल्लीच्या टोकाला, मोकळ्या जागेच्या कडेला उभी करायला सुरुवात केली. घरापासून लांब. पण घरापासून लांब म्हणजे कुणाच्या तरी घराजवळ, हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं, जेव्हा समोरच्या घरातली बाई गॅलरीतून तिच्याकडे नुसती बघत राहिली. गाडीपर्यंत चालत जाताना सासूबाई मध्ये थांबत, कुणाच्या तरी कुंपणाच्या कठड्यावर टेकत. परत येताना तर पावलं उचलतच नसत. टॅक्सी करून पाहिली. एकानं अर्ध्या वाटेत भाडं नाकारलं, दुसऱ्याच्या टॅक्सीत सासूबाईंना उलटी झाली आणि तो रुमालानं सीट पुसत जे बोलला ते ऐकून सासूबाई आठवडाभर त्याची माफी मागत होत्या, तो समोर नसताना. तेव्हा पुन्हा गाडी. टाकी अर्धीच भरायची, काचा उघड्या ठेवायच्या, आणि दर वळणावर विचारायचं, "आई, येतोय?" कधी "येतोय," कधी "आता गेला," कधी "आत्ताच आला होता बघ, तू ब्रेक मारलास तेव्हा." रात्री डोळे मिटले की तिला गाडीच्या पोटातली ती टाकी दिसे. अंधारी, ओलसर, आत पेट्रोल डुचमळतंय आणि जोडावर केसाएवढी एक रेघ. ती रेघ कधी असे, कधी नसे.

गाडीच्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात ती गेली तेव्हा तिथं काचेची दारं, गुबगुबीत सोफे आणि कॉफीचं यंत्र होतं. आणि एक फोटोग्राफर होता, ज्यानं आपली गाडी, हुबेहूब तिच्याच गाडीसारखी, सरळ दारात आडवी लावली होती. "हलवत नाही," तो काउंटरवरच्या तरुणाला सांगत होता. "तुम्हीच म्हणालात ना, घरापासून लांब लावा? लावली." तरुणानं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि चेहराही. "सर, आम्ही समजू शकतो." "तुम्ही समजू नका, टाकी बदला." "टाक्या आल्या की—" "टाक्या कुठून येतायत? बैलगाडीतून?" सोफ्यावरचे दोघंतिघं हसले. तेही टाकीवालेच निघाले. त्यांनी फोनवर एक गट केला होता, त्याचं नाव 'टाकीग्रस्त'. फोटोग्राफरनं तिथल्या तिथं तिलाही त्यात घातलं. तिनं काउंटरवर सांगितलं की माझ्या सासूबाईंना वास येतो. तरुण उठला, बाहेर आला, गाडीच्या मागच्या भागाशी वाकला आणि हुंगला. "मला नाही येत, मॅडम. तुम्हाला येतो का?" "मला वास येत नाही." "तेच ना, मॅडम. मलाही नाही." "तसं नाही. मला कसलाच येत नाही." तो तिच्याकडे बघत राहिला, थट्टा आहे की काय अशा शंकेनं. "हवं तर गाडी ठेवून जा. नंबर आला की टाकी उतरवून बघू." "मग तोवर दुसरी गाडी द्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं." "त्याला वरून मंजुरी लागते." "वर कोण बसतं?" तिनं विचारलं. "देव," फोटोग्राफर म्हणाला आणि कॉफी घ्यायला गेला. ती गाडी घेऊनच परतली. गटावर त्या दिवसापासून निरोपांचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणे पेट्रोलला गोडसर वास येतो, कुणी म्हणे वास येतो तेव्हा आधीच उशीर झालेला असतो, कुणी वकिलाचं नाव विचारी, कुणी नुसते दात ओठ खाणारे चेहरे पाठवी. ती सगळं वाचायची. जितकं वाचावं तितकं कमी कळायचं.

आणि मग एका सकाळी सासूबाई अंगणाच्या फाटकात उभ्या राहिल्या आणि पुढे येईनात. "मी त्या गाडीत बसणार नाही. जळून मरायचंय का?" "आई, आज जायलाच हवं." "काल रात्रभर मला वास येत होता. घरातसुद्धा." त्यांच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती. ती त्यांना ओढून कशी नेणार? दुकानात कळवून ती घरी राहिली आणि इस्पितळाला फोन केला. सिस्टर रागावल्या. पुढच्या वेळीही तेच झालं. सासूबाईंचे पाय सुजले, पावलांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहू लागला, दोन वाक्यं बोलली की धाप. त्या खिडकीशी बसून बर्फाचा खडा चघळत, कारण पाणी मोजकंच, आणि तिला वाटे हे सगळं त्या टाकीनं केलं, त्या केसाएवढ्या रेघेनं, जी आहे की नाही हेही कुणाला माहीत नाही. तिरीमिरीत ती उठली, गाडी नेऊन केंद्राच्या दारात उभी केली आणि किल्ली त्या तरुणाच्या पुढ्यात टाकली. "ठेवा. नंबर येवो न येवो." फोटोग्राफर असता तर त्यानं टाळ्या वाजवल्या असत्या. परत येताना बसच्या खिडकीशी बसून तिला एकदम हलकं वाटलं. आपण काहीतरी केलं. आता टॅक्सी बोलवायची, उलटी झाली तर झाली, पिशवी जवळ ठेवायची, आणि आईंना घेऊन थेट इस्पितळ.

घरी आली तर सासूबाई पलंगावर आडव्या. "गाडी टाकून आले," तिनं सांगितलं. "टॅक्सी सांगते. उठा, तुमचं स्वेटर कुठंय?" सासूबाई म्हणाल्या, "आज बरं वाटत नाहीये गं. उद्या बघू." "आई, गेलं नाही म्हणूनच बरं वाटत नाहीये." "डोकं दुखतंय." "आई!" इतक्या मोठ्यानं ती त्यांच्यावर कधी बोलली नव्हती. "आता तर गाडीही नाही! वास नाही, काही नाही! आता काय?" सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. पांघरुणावर त्यांचा हात होता, कोपरापाशी फुगलेली शीर, डायलिसिससाठी मुद्दाम जोडून केलेली, सुयांनी चाळण झालेली. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "येतच नव्हता." "काय?" "वास. पेट्रोलचा. तू विचारलंस, मी म्हटलं येतो." ती पलंगाच्या कडेवर बसली. "का?" "मला तिथं जायचं नाही आता. झालं तेवढं पुरे झालं. तुला सरळ सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? तो तर नोकरी सोडून धावत आला असता." तिच्या डोक्यात कंपनीची गोड मुलगी, पोस्टमास्तर, तरुण, फोटोग्राफर, गॅलरीतली बाई सगळे एका रांगेत उभे राहिले. त्या खोट्या वासामागे आपण गावभर नाक मुठीत धरून फिरलो. तिला राग यायला हवा होता. आला तो अर्धाच आला. उरलेल्या जागेत काय होतं, ते तिला ओळखू येईना. हा माणूस मरायचं म्हणतोय, आणि आपण टाक्या कधी येणार म्हणून विचारत होतो.

फोन वाजला. तोच तरुण होता, पण आवाजातली इस्त्री मोडलेली. "मॅडम, तुमची गाडी लिफ्टवर घेतली आत्ता. जागा अडत होती म्हणून म्हटलं बघून टाकू. टाकी गळतेय. जोडावर चांगली बोटभर चीर आहे, खालचा पत्रा सगळा ओला. मॅडम, तुम्ही ही चालवत आणलीत? इथं उभं राहवत नाहीये वासानं." मग आणखी काहीबाही, नशीब थोर, वरिष्ठांशी बोलतो, बदली गाडीचं बघतो. तिनं हो हो म्हटलं. फोन हातातच राहिला. सासूबाई तोंड फिरवून तिच्याकडे बघत होत्या. "काय झालं?" "टाकी खरंच गळत होती." सासूबाईंनी ऐकलं, आणि मग त्यांना हसू आलं. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग खोकला. त्यांना बसतं करून तिनं पाठीवरून हात फिरवला. "बघ, धड खोटंसुद्धा बोलता आलं नाही मला," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आई, खरं सांगा. येत होता की नव्हता?" सासूबाईंचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, तो त्यांच्या कपाळावर दिसला. "मला वाटलं नव्हता. मी श्वास घेतला तेव्हा मला हे दिसले, लाँड्रीत, हात पुसताना. म्हटलं, हा वास काय खरा नव्हे. म्हटलं, असू दे, म्हणून टाकू येतो." त्या थांबल्या. "आता तू म्हणतेस गळत होती. मग येत असेल बाई. मला काय माहीत?"

म्हणजे खोटं होतं ते खरं होतं. पण खोटं म्हणून बोललं गेलं होतं. मग त्या जे दुसरं बोलल्या, जायचं नाही, पुरे झालं, ते काय? तेही असंच मनात एक, ओठांवर एक? की तेवढंच काय ते खरं? तिला वाटलं, आपण आत्ता विचारावं, नीट, समोर बसून, पहिलं की दुसरं. पण सासूबाईंनी पाय पलंगाखाली सोडले होते आणि सुजलेली पावलं चपलेत कोंबायचा प्रयत्न चालला होता. "स्वेटर त्या खुंटीला आहे," त्या म्हणाल्या. "आणि टॅक्सीवाल्याला सांग, हळू चालव म्हणावं." "तुम्हाला जायचंय?" "तू एवढी गाडी टाकून आलीस." हे काही उत्तर नव्हतं. पण तिनं स्वेटर आणलं, त्यांचा वाकडा झालेला हात बाहीतून ओढून बाहेर काढला आणि टॅक्सी सांगितली.

एरवी ती सासूबाईंना दारात सोडायची, सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन येत, आणि ती दुकानात पळायची. आत काय असतं ते तिनं पाहिलंच नव्हतं. आज ती खुर्चीमागून आत गेली. लांबट खोली, भिंतीकडेनं ओळीत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला एक यंत्र आणि प्रत्येक यंत्राला एक माणूस. कुणी झोपलेलं, कुणी वर टांगलेल्या टीव्हीकडे आवाजाशिवाय बघत असलेलं. सिस्टरनी सुया घातल्या तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं नाही, तिनं फिरवलं. मग नळीतून रक्त निघालं, गडद, संथ, आणि यंत्रात फिरून परत आलं. सासूबाई कुडकुडत होत्या. "थंडी वाजते इथं फार," सासूबाई म्हणाल्या, जणू एखाद्या पाहुणीला घर दाखवतायत. "रक्त बाहेर जाऊन येतं ना, गार होऊन येतं. त्या कोपऱ्यात शिक्षक बसायचे एक. गोष्टी सांगायचे. मागच्या महिन्यात खुर्ची रिकामी दिसली. मी विचारलं नाही." तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. इतके दिवस ती या बाईला गाडीतून आणत होती, परत नेत होती, काचा खाली करत होती, वर करत होती, आणि या खोलीतली थंडी तिला ठाऊक नव्हती. आपल्याला आणखी काय काय येत नाही, असा विचार मनात येऊन तिला आधार शोधावासा वाटला. तिनं खुर्चीचा दांडा धरला. तोही गारच होता.

डॉक्टर आले. तरुण होते, दमलेले. त्यांनी पायांवर बोट दाबून पाहिलं, कागद पाहिले. "दोन वेळा चुकलं. का हो, आजी?" सासूबाई त्यांच्याकडे बघून गोड हसल्या. "गाडीची टाकी गळत होती, डॉक्टर. खरंच. विचारा हवं तर हिला." डॉक्टर तिच्याकडे वळले. "गाडीचाच प्रश्न होता ना? दुसरं काही नाही?" सोपं होतं. हो म्हणायचं. हो हे खोटंही नव्हतं. गाडी केंद्रात वर टांगलेली होती, पत्रा ओला होता, साक्षीला माणसं होती. सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, यंत्रावरच्या आकड्यांकडे बघत होत्या. हो म्हटलं तर सगळं पूर्वीसारखं सुरू राहील, तीनदा जाणं, तीनदा येणं, आणि त्या ओझ्याखाली सासूबाई एकट्याच ते वाक्य घेऊन बसतील. नाही म्हटलं तर काय होईल ते तिला दिसत नव्हतं. नवरा धावत येईल. रडेल. तिच्यावर चिडेल. आणि सासूबाईंनी ते भिंतीला सांगितलं होतं, डॉक्टरांना नव्हे. त्यांच्या वतीनं बोलायचा आपल्याला काय अधिकार? की कुणीतरी बोलावं म्हणूनच त्यांनी ते तिला ऐकू जाईल असं भिंतीला सांगितलं होतं? ती काहीच ठरवू शकली नाही. ठरायच्या आतच तिचं तोंड बोलून गेलं. "त्यांना यायचं नाहीये, डॉक्टर. पुरे झालं म्हणतात."

डॉक्टरांनी कागद खाली केले. एक स्टूल ओढून ते सासूबाईंच्या उशाशी बसले, आणि बसल्यावर ते आणखीच लहान दिसले. "आजी, असं वाटतं?" सासूबाईंनी नकार दिला नाही. मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले की यावर बोलता येतं, बोलायलाच हवं, घाईनं काही ठरवायचं नाही, आणि तिला म्हणाले, "त्यांच्या मुलाला बोलवून घ्या. सगळे बसून बोलू." ते उठून पुढच्या खुर्चीकडे गेले. ती तिथंच उभी राहिली. सासूबाईंनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटलं होतं, पण ते ओझं सुटलं होतं की धीर, हे तिला सांगता आलं नसतं. तिनं स्टूलवर बसून पांघरुणाखाली त्यांचा मोकळा हात शोधला. त्यांचे ओठ हलले. ती वाकली, आणि नेमकं तेव्हाच शेजारचं यंत्र किंचाळायला लागलं, सिस्टर धावत आल्या, आणि सासूबाईंच्या वाक्यातला शेवटचा शब्दच तेवढा तिच्या कानापर्यंत पोचला.

"...केलंस."

बरं केलंस? काय केलंस? यंत्र गप्प झालं तेव्हा सासूबाईंचा श्वास लयीत चालू लागला होता. झोप लागली असावी. त्यांना उठवून विचारणं शक्य होतं. तिनं दुकानात कळवलं की आज येत नाही. नवऱ्याचा नंबर काढला, त्यावर अंगठा ठेवून थोडा वेळ तशीच बसली आणि मग दाबला. तिकडे घंटी वाजत होती. पांघरुणाखाली सासूबाईंच्या बोटांनी तिची बोटं धरलेली होती, घट्ट, झोपेत धरतात तशी किंवा जागेपणी धरतात तशी. "बोल गं," नवरा म्हणाला. "आईला वास येतोय का अजून?" मागे यंत्रांची घरघर होती, इथंही होती. "तू ये," ती म्हणाली. "आईंशी बोलायला ये."